वलंदेज चित्रकारांच्या सराया

इ. स. १६७२ च्या नोव्हेंबर महिन्यात हॉलंड प्रांतातील लायडन नगराच्या अधिकाऱ्यांनी यान स्टेन नावाच्या एका विधुर आणि लेकुरवाळ्या गृहस्थास सार्वजनिक सराई चालविण्याची परवानगी दिली. अशा परवान्यांकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. मद्यावरील जकात आणि नगराचा महसूल यांच्या नोंदींत ते कोठेतरी पडून राहावयाचे आणि यथावकाश वाळवीच्या वाट्यास जावयाचे, हीच त्यांची गती. परंतु हा परवानेदार, ज्याची चित्रे आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमात आणि द हेगच्या मौरित्सहाउसमध्ये पाहण्यासाठी देशोदेशींचे रसिक रांगा लावून उभे राहतात, तो चित्रकार होता. त्याने पंचवीस वर्षे अखंड चित्रे काढली होती, नगराच्या चित्रकार-श्रेणीचा तो आरंभापासूनचा सदस्य होता. आणि तरीही पोटासाठी त्याला पिंपाची तोटी हाती धरावी लागली. असे का घडले, आणि असे घडणे ही त्या देशात अपवादाची गोष्ट होती की रूढीची, हा ह्या लेखाचा विषय आहे.

ते वर्षच विलक्षण होते. ज्यांना आपल्या बखरींत आणि पत्रव्यवहारांत 'वलंदेज' म्हटले आहे, ज्यांची वखार वेंगुर्ल्यास होती आणि ज्यांच्याशी शिवछत्रपतींच्या कारभाऱ्यांना मीठ-मिरीपासून दारूगोळ्यापर्यंत अनेक बाबतींत बोलणी करावी लागत, त्या दर्यावर्दी लोकांच्या मायदेशावर १६७२ च्या वसंतात आणि ग्रीष्मात फ्रान्सचा चौदावा लुई, इंग्लंडचा राजा आणि म्युन्स्टर व कोलोन येथील धर्माधिकारी-राजे एकाच वेळी तुटून पडले. प्रांतामागून प्रांत शत्रूच्या हाती गेले; हॉलंडचे रक्षण करण्यासाठी बांध फोडून आपलीच शेते पाण्याखाली घालण्याचा निर्वाणीचा उपाय करावा लागला; आणि ज्या यान द विट याने वीस वर्षांच्या आसपास राज्याचा गाडा हाकला होता, त्याला व त्याच्या भावाला २० ऑगस्ट रोजी द हेगमध्ये क्षुब्ध जमावाने ठार केले. डच लोक त्या वर्षाला 'आपत्तीचे वर्ष' म्हणतात. अशा वर्षी रोख्यांचे भाव पडतात, दुकाने बंद होतात, श्रीमंत लोक चांदीची भांडी जमिनीत पुरून ठेवतात. आणि भिंतीवर टांगण्यासाठी नवे चित्र विकत घ्यावे, असा विचार कोणाच्याही मनास शिवत नाही.

येथे हे ध्यानात ठेवले पाहिजे की ह्या देशातील चित्रकाराची स्थिती इटलीतील किंवा फ्रान्समधील चित्रकाराहून मुळातच भिन्न होती. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी देवळांच्या भिंती पांढऱ्या करून टाकल्यामुळे वेदीवरील चित्रांची मागणी संपली होती. राजदरबार म्हणावा असा एकच, ऑरेंज घराण्याचा, आणि तोही मोजक्यांनाच पोसणारा. तेव्हा चित्रकार काढी ते चित्र कोणा धन्याच्या आज्ञेवरून नव्हे, तर बाजारासाठी. आणि घेणारा असे तो लोण्याचा व्यापारी, कापडवाला, नाखवा, प्रसंगी भटारीसुद्धा. आपल्याकडे पेशव्यांच्या वाड्यात किंवा राजस्थानच्या ठाकुरांच्या हवेलीत चित्रकाराला वर्षासन असे, शिधा असे. येथे तसे काही नव्हते. घाऊक भावाने, जत्रेत, लिलावात, सोडतीत चित्रे विकली जात आणि त्यांचे भाव बहुधा काही गिल्डरांच्या आतबाहेर असत. ज्या काळी कुशल कारागिराची वर्षाची कमाई तीनशे गिल्डरांच्या घरात होती, त्या काळी अशा किमतीवर संसार चालवायचा म्हणजे एक तर हात विजेसारखा चालला पाहिजे, नाही तर दुसरा धंदा पाहिजे.

बहुतेकांनी दुसरा धंदा धरला. वृक्षराजीच्या चित्रणात ज्याचा हात धरणारा नव्हता त्या मेइन्डर्ट होबेमा याने एका नगरप्रमुखाच्या घरी स्वयंपाकघरात काम करणाऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि १६६८ साली ॲम्स्टरडॅम नगराच्या सेवेत आयात मद्याच्या पिंपांचे मोजमाप करणाऱ्या अंमलदाराची नोकरी पत्करली. त्यानंतर त्याने हातचा कुंचला बराचसा खालीच ठेवला. सागरचित्रकार यान फान डे काप्पेले याचा रंगाऱ्याचा पिढीजात कारखाना होता आणि तो धनाढ्य होता. पण हे भाग्य विरळा. उलट पक्षी, स्टेनचा सासरा यान फान होयेन, ज्याच्या नद्या आणि करडी आभाळे आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत, तो जमिनींच्या उलाढालीत आणि ट्यूलिपच्या कंदांच्या सट्ट्यात असा बुडाला की १६५६ साली मेला तेव्हा त्याच्या माथ्यावर अठरा हजार गिल्डरांच्या आसपास कर्ज होते. आणि फ्रान्स हाल्स, ज्याच्या हास्यमुद्रा अजून चित्रफलकावरून खळखळतात, त्याची चित्रे एका भटाऱ्याने देण्यापोटी जप्त केली, आणि आयुष्याच्या सायंकाळी हार्लेम नगराने वर्षाला दोनशे गिल्डरांची नेमणूक करून दिली म्हणून त्याचे भागले.

ह्या सर्व जोडधंद्यांत सराईचा आणि गुत्त्याचा धंदा चित्रकाराला सर्वांत निकटचा होता, आणि त्याचे कारण व्यसन नव्हे. सतराव्या शतकातील डच सराई म्हणजे केवळ मद्यपानाचे स्थान नव्हते. ती पेढी होती, कचेरी होती, लिलावाचे सभागृह होती. करारनामे तेथे होत, साक्षीदार तेथे मिळत, सौदा पटला की मद्याचा पेला देऊन तो पक्का करण्याची रीत होती. १६३६–३७ च्या हिवाळ्यात ट्यूलिपचा जो वेडाचार माजला, तोही प्रामुख्याने सरायांच्या मागील खोल्यांतच. चित्रांच्या सोडती आणि विक्रीही सरायांत होत, आणि त्यावरून चित्रकारांच्या श्रेणीचे पंच व ह्या सोडतींचे चालक यांच्यामध्ये खटके उडत. सारांश, चित्र घेणारा गिऱ्हाईक आणि पेला रिचवणारा गिऱ्हाईक हा पुष्कळदा एकच मनुष्य होता. तेव्हा त्या मनुष्यापुढे एका हाताने चित्र आणि दुसऱ्या हाताने पेला ठेवावा, हे चतुर चित्रकाराला सुचले नसते तरच नवल.

यान स्टेनला तर हे बाळकडूच मिळाले होते. १६२६ साली लायडनमध्ये जन्मलेल्या ह्या चित्रकाराचा पिता हाविक स्टेन हा यवसुरा तयार करणारा, म्हणजे बिअरच्या भट्टीचा मालक होता. पुत्राने १६४६ साली लायडनच्या विद्यापीठात नाव दाखल केले, १६४८ साली नगरात चित्रकारांची श्रेणी स्थापन झाली तेव्हा तो तिच्या संस्थापकांत होता, आणि १६४९ साली फान होयेनच्या कन्येशी, मार्ग्रीटशी, द हेग येथे त्याचा विवाह झाला. म्हणजे एका बाजूने भट्टी, दुसऱ्या बाजूने चित्रशाळा, अशा दोन घराण्यांचा तो संगम होता. पित्याने त्याला १६५४ साली डेल्फ्टमध्ये एक भट्टी भाड्याने घेऊन दिली. तिचे नाव काही 'सर्प' सांगतात, काही 'खरारा'.

मुहूर्त मात्र अत्यंत वाईट लागला. इंग्लंडशी झालेले पहिले युद्ध नुकतेच आटोपले होते आणि व्यापार खिळखिळा झाला होता. त्यातच १२ ऑक्टोबर १६५४ रोजी डेल्फ्टच्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन नगराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि कारेल फाब्रीटियस हा होतकरू चित्रकार ढिगाऱ्याखाली सापडून मृत्यू पावला. शिवाय डेल्फ्टमधील भट्ट्यांचा धंदाच उताराला लागला होता. ज्या नगरीत पूर्वीच्या शतकात शंभरांवर भट्ट्या धूर सोडीत, तेथे आता मोजक्याच उरल्या होत्या, आणि ओस पडलेल्या इमारतींत कुंभारांनी आपली चाके थाटली. चीनमध्ये मिंग घराण्याचा अंत झाल्याने चिनी मातीच्या भांड्यांचा पुरवठा आटला होता. त्यांची नक्कल करणारी निळी-पांढरी 'डेल्फ्टची भांडी' ह्या बंद पडलेल्या भट्ट्यांच्या आश्रयाने भरभराटीस आली, आणि कित्येक कारखान्यांनी भट्टीचे जुने नावही तसेच ठेवले. स्टेनची भट्टी चालली नाही. १६५५ सालचे त्याचे एक चित्र राइक्सम्युझियममध्ये आहे: घराच्या पायऱ्यांवर बसलेला एक प्रतिष्ठित डेल्फ्टकर, शेजारी रेशमी वस्त्रातील कन्या, आणि पुढे हात पसरून उभी असलेली एक दरिद्री स्त्री व तिचे मूल. हा गृहस्थ आडोल्फ क्रुसर नावाचा धान्याचा व्यापारी असावा, असा संग्रहालयाचा निर्वाळा आहे. भट्टीवाल्याला धान्याच्या व्यापाऱ्याची मर्जी राखावी लागते, हे जाणणाऱ्याला त्या चित्रातील सौजन्याकडे किंचित निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटेल. मला तसे वाटते, पण ह्याला कागदोपत्री आधार नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

त्यापुढील चौदा-पंधरा वर्षे स्टेन वार्मोंड ह्या खेड्यात आणि मग हार्लेममध्ये राहिला, आणि कलेच्या दृष्टीने हाच त्याच्या आयुष्यातील सुगीचा काळ होय. सेंट निकोलसच्या सणाची ती मुलाबाळांनी गजबजलेली खोली, ज्येष्ठ गातील तशी कनिष्ठ बासरी वाजवितील ह्या लोकोक्तीवर रचलेली ती उत्सवचित्रे, डॉक्टरापुढे नाडी देऊन बसलेल्या प्रेमविव्हल तरुणी, भूमीवर सांडलेले अंड्यांचे कवच आणि उलटलेली भांडी: हे सारे ह्याच कालखंडातले. मग १६६९ साली पत्नी गेली, त्याच सुमारास मातापिता गेले, आणि १६७० साली वारशाने मिळालेल्या घरात, लायडनला, तो मुलांसह परतला. दोन वर्षांनी युद्ध आले. चित्रांचा बाजार ज्या दिवशी थंडावला त्या दिवशी स्टेनच्या हाती काय उरले, याचा हिशेब मांडून पाहावा: एक घर, मोठे लेंढार, मद्यधंद्याचे कुळपरंपरागत ज्ञान आणि गिऱ्हाइकांशी हसून बोलण्याची हातोटी. सराईचा परवाना मागणे हा ह्या हिशेबाचा उघड निष्कर्ष होता.

१६७३ च्या एप्रिलमध्ये त्याने मारिया फान एग्मोंट नावाच्या, पुस्तकविक्रेत्याच्या विधवेशी पुनर्विवाह केला. ही स्त्री बाजारात मेंढीची शिजवलेली मुंडकी आणि खूर विकीत असे, असे जुन्या चरित्रकाराने लिहिले आहे. आपल्या बोलीत सांगावयाचे तर तिचा मुंडी-पायाचा धंदा होता. म्हणजे घरात चित्रे, ओसरीवर मद्य आणि बाजारात शिजवलेले मांस, असा तिहेरी प्रपंच झाला, आणि तो फसला असे मानण्याचे कारण नाही. कारण १६७४ साली श्रेणीने ह्याच सराईवाल्याची आपल्या अध्यक्षपदी निवड केली. ज्याला पाठीमागून लोकांनी दारुडा ठरविले, त्याला त्याच्या समव्यवसायी लोकांनी हिशेबाच्या वह्या आणि शिक्के सोपविले होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. १६७९ च्या फेब्रुवारीत लायडनच्या पीटरचर्चमध्ये त्याचे दफन झाले. त्याची चित्रे आज साडेतीनशेच्या आसपास शिल्लक आहेत. ज्या माणसाने एवढे काम केले तो दिवसभर पेल्यात बुडून होता हे म्हणणे चित्रकलेच्या श्रमाचे मुळीच ज्ञान नसणाऱ्यालाच शोभेल.

दारुडेपणाची ती कीर्ती आर्नोल्ड हाउब्राकेन ह्या चरित्रकाराची करणी. १७१८ ते १७२१ ह्या वर्षांत त्याने डच चित्रकारांच्या चरित्रांचा जो त्रिखंडात्मक ग्रंथ लिहिला, त्यात चित्रकाराचे जीवन त्याच्या चित्रांसारखेच असले पाहिजे, अशा समजुतीने स्टेनची कथा रंगविली. त्यातील एक आख्यायिका मोठी गमतीची आहे. भट्टीत चैतन्य राहिले नाही, असे पत्नीने एकदा गाऱ्हाणे केले, तेव्हा स्टेनने मोठ्या काइलीत पाणी भरून तीत जिवंत बदके सोडली. ती फडफडू लागताच 'पाहा, आता किती चैतन्य आले' असे तो तिला म्हणाला. सराईचा सर्वांत उत्तम गिऱ्हाईक स्वतः मालकच होता, हीही ह्याच परंपरेतली गोष्ट. ह्या कथा खोट्याच असतील असे मी म्हणत नाही. पण त्यांचा जन्म पाहणाऱ्याच्या डोळ्यात झाला आहे. चित्रांत स्टेनने पेला हाती घेऊन हसणारा मनुष्य म्हणून पुष्कळदा स्वतःलाच रेखाटले, आणि लोकांनी नटाला भूमिकेवरून ओळखले. आजही हॉलंडात अस्ताव्यस्त घराला 'यान स्टेनचे घर' म्हणतात. ज्याने घर चालविण्यासाठी एवढा आटापिटा केला, त्याच्या नशिबी ही म्हण यावी, हा दैवाचा एक विनोदच.

स्टेन तरी तरला. आर्त फान डर नेर तरला नाही. चंद्रप्रकाशात न्हाऊन निघालेल्या नदीकाठांचा आणि हिवाळी संध्याकाळी गोठलेल्या कालव्यांचा हा चित्रकार १६३० च्या सुमारास ॲम्स्टरडॅमला आला. चांदण्याचे इतके बारीक प्रकार ह्यापूर्वी कोणी रंगविले नव्हते. परंतु चांदण्यावर पोट भरत नाही. १६५९ च्या सुमारास त्याने ॲम्स्टरडॅमच्या काल्फरस्ट्राट ह्या गजबजलेल्या रस्त्यावर मद्य विकण्याचा धंदा सुरू केला, आणि १६६२ साली दिवाळे निघाले. दिवाळ्याच्या प्रकरणात मालमत्तेची जी फेरिस्त करतात, तिच्यात त्याच्याच चित्रांना अगदीच क्षुल्लक किंमत धरली गेली. त्यापुढे पंधरा वर्षे तो जगला आणि चित्रे काढीत राहिला. १६७७ साली तो दारिद्र्यात मरण पावला. त्याचा पुत्र एग्लोन पुढे जर्मनीतील एका राजाच्या दरबारात, ड्युसेलडॉर्फ येथे, मानाने चित्रकार झाला. पित्याच्या चांदण्याला बाजार नव्हता, पुत्राच्या रेशमी वस्त्रांना दरबार होता, एवढाच तो भेद; गुणवत्तेत पित्याचे पारडे जड आहे, असे माझे मत आहे.

आणि व्हर्मीर? ज्याच्या निःशब्द खोल्यांत गुत्त्याचा गोंगाट कल्पनेनेही शिरत नाही, तो तर सराईतच वाढला. त्याचा पिता रेनिएर डेल्फ्टमध्ये सराई चालवी. १६४१ साली त्याने बाजारपेठेच्या चौकातील 'मेखेलेन' नावाचे घर २,७०० गिल्डरांना घेतले आणि तेथे पेला भरण्याबरोबरच चित्रांची दलालीही केली, कारण १६३१ पासून तो चित्रविक्रेता म्हणून श्रेणीत नोंदलेला होता. पुत्राने १६५३ मध्ये श्रेणीत प्रवेश केला तेव्हा सहा गिल्डरांचे प्रवेशशुल्क त्याला एकदम भरता आले नाही. शेवटची बाकी १६५६ मध्ये फिटली. पुढे सराई त्याच्या वाट्यास आली, पण त्याने स्वतः तोटी धरली नाही. मेखेलेन त्याने १६७२ साली एका औषधविक्रेत्याला वर्षाला १८० गिल्डरांच्या भाड्याने दिले. युद्धाने स्टेनला सराईत ढकलले; व्हर्मीरची मात्र सराई सोडून देण्याइतकी पत होती. शेवट मात्र व्हर्मीरचाच अधिक दारुण झाला. १६७५ च्या डिसेंबरात तो वारला. त्याची पत्नी कॅटारिना बोल्नेस हिने नंतर धनकोंपासून संरक्षण मागताना सांगितले की फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यापासून पतीला स्वतःचे एकही चित्र विकता आले नाही, आणि ज्या इतरांच्या चित्रांचा तो व्यापार करी त्यांवरही तोटाच सोसावा लागला. घराला भाकरी पुरविणाऱ्या भटाऱ्याचे सहाशेंवर गिल्डर देणे होते. त्यापोटी त्याने दोन चित्रे तारण म्हणून घेतली. मेखेलेन १८८५ साली रस्ता रुंद करण्यासाठी पाडण्यात आले, त्यामुळे आज त्या जागी तेवढी मोकळीक उरली आहे.

ह्यानंतर दोन शतके ओलांडून गेलो तर चित्र उलटे झालेले दिसते: चित्रकार सराई चालवीत नाही, सराईवाला चित्रकाराला चालवितो. त्या काळी झुइडरझे आखाताच्या काठी फोलेंडाम नावाचे कोळ्यांचे गाव होते. तेथे लेन्डर्ट स्पान्डर ह्याने १८८१ साली एक वसतिगृह घेतले. परदेशी चित्रकार तेथे येऊ लागले, आणि पैसे चुकते करण्याचे त्राण नसलेल्यांकडून तो ऐनजिनसी भरणा करून घेई: भाडे चित्राने, भोजन रेखाटनाने. त्याच्या मुलींनी चित्रकारांसाठी पारंपरिक वेशात बसून दिले, आणि त्यांतील तिघींनी चित्रकारांशीच विवाह केले. चित्रांनी हॉटेलच्या भिंती आजही छतापर्यंत भरलेल्या आहेत. त्यांची संख्या हजाराहून अधिक आहे. आपल्याकडे मुंबईत इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासन्‌तास बसणाऱ्या कवींची उधारी ज्यांनी पोटात घातली, त्या मालकांची अशी चित्रशाळा मात्र कोणी मांडून ठेवलेली नाही. (आणि आमचे चित्रकार के. एच. आरा ह्यांनी तर घरगड्याची कामे आणि मोटारी धुणे ह्यांवर दिवस काढले. हॉटेलवाल्याची कृपा तरी कोठे!)

मग दुसरे महायुद्ध आले, आणि पुन्हा एकदा मद्यगृहाची गरज भासली. जर्मन आक्रमकांनी १९४१ च्या अखेरीस 'कुल्टूरकामर' नावाची संस्था काढून फर्मान सोडले की तिचे सदस्य झाल्याविना कोणा चित्रकाराने, नटाने, लेखकाने वा गायकाने जाहीरपणे काम करू नये. ज्यांनी नकार दिला त्यांचे प्रदर्शन बंद, प्रकाशन बंद, रंगभूमी बंद. ॲम्स्टरडॅमच्या लाइडसेप्लेइन चौकाजवळ १९४० मध्ये नुकतेच उघडलेले 'एल्डर्स' नावाचे मद्यगृह अशा बहिष्कृतांचे ठिकाण झाले; तेथे कवितावाचनाच्या मैफली चालत आणि चित्रकारांची चित्रे तेथील भिंतींवर लागत. युद्धकाळच्या ह्या वर्षांतच गेरिट फान डर फेन ह्या शिल्पकाराने खोटी ओळखपत्रे बनविण्याचे जाळे उभारले, आणि मार्च १९४३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लोकसंख्या-नोंदणी कचेरीवर झालेल्या हल्ल्यात तो अग्रभागी होता. पुढच्या वर्षी जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. ज्या कारागिरीला बाजार नाही ती अशा कामी येते, हे युद्धात दिसले. ज्या माणसाला ब्रशने सही हुबेहूब करता येते त्याला बाजार मिळाला नाही तरी शत्रू मिळतो.

१९४९ साली राज्यसंस्थेने प्रथमच असा विचार केला की गुत्त्याच्या मालकावर हा भार सोडू नये. त्या वर्षी सुरू झालेली आणि १९५६ मध्ये देशभर लागू झालेली 'दृश्य कलाकारांसाठीची तरतूद' अशी होती की गरजू चित्रकाराने वा शिल्पकाराने आपल्या कृती सरकारजमा कराव्या आणि त्याबद्दल महिन्याचा मोबदला घ्यावा. योजना उदात्त, व्यवहार मात्र हास्यास्पद झाला: चित्रे आली, आणखी आली, गोदामे भरली, आणि त्यांचे काय करावे हे मुनिमांना कळेना. कित्येक चित्रे पुढे त्यांच्या निर्मात्यांनाच परत करण्यात आली. १९८७ मध्ये ती योजना बंद झाली. तिच्या जागी १९९९ मध्ये एक नवा कायदा आला आणि त्याची पुढील आवृत्ती २००५ मध्ये: दहा वर्षांच्या अवधीत कमाल चार वर्षे, निर्वाहवेतनाच्या सुमारे सत्तर टक्के रक्कम. ही सोयदेखील १ जानेवारी २०१२ पासून संपली. त्या सुमारास मंत्रिमंडळाने संस्कृतीसाठीच्या खर्चात वीस कोटी युरोंची कपात ठरविली होती, आणि जून २०११ मध्ये कलावंतांनी रॉटरडॅमपासून द हेगपर्यंत पायी मोर्चा काढला होता. मोर्चा पोहोचला, कपात झाली.

मग कलावंत कोठे गेले? तेथेच, जेथे साडेतीनशे वर्षांपूर्वी गेले होते. डच लोक हॉटेल, उपाहारगृह आणि मद्यगृह ह्या तिन्ही धंद्यांना मिळून 'हॉरेका' म्हणतात. ह्या हॉरेकात संध्याकाळच्या पाळीत थाळ्या उचलणारी मुले-मुली पुष्कळदा कला-शिक्षणसंस्थांतून नुकतीच बाहेर पडलेली असतात, आणि ह्याचे कारण धंद्याच्या घड्याळात आहे. उजेड असतो तोवर चित्र, वा दिवसा तालीम. अंधार पडल्यावर गिऱ्हाईक. वेतन ताशी आणि ठरलेले. काम आज घेता येते, उद्या सोडता येते. आणि एका वेळचे भोजन पाळीबरोबर मिळते. शिष्यवृत्तीचा अर्ज लिहिण्यात ज्याचे दोन महिने गेले आहेत, त्याला ह्यापेक्षा स्वच्छ व्यवहार दुसरा कोणता?

स्टेनच्या काळाहून निराळी अशी एकच गोष्ट घडली, आणि ती २०२० मध्ये. १६७२ मध्ये चित्राचा बाजार मेला तरी मद्याचा जगला होता. आता कोविडच्या साथीमुळे दोन्ही एकाच आठवड्यात बंद झाले. १२ मार्च रोजी शंभरांहून अधिक लोकांच्या मेळाव्यांवर बंदी आली, म्हणजे नाट्यगृहे बंद. आणि रविवार १५ मार्च रोजी सायंकाळी सहा वाजल्यापासून सर्व उपाहारगृहांना टाळे लागले. दिवसाची कला गेली आणि रात्रीची पाळीही गेली. सरकारने स्वतंत्र व्यावसायिकांसाठी निर्वाहवेतनाच्या पातळीची तात्पुरती मदत दिली, पण ज्याचा अर्धा चरितार्थ पाळीवर आणि अर्धा एखाद्या प्रयोगाच्या मानधनावर, त्याचे नाव कोणत्या रकान्यात बसवावे, हा प्रश्न तसाच राहिला; अशा माणसांसाठी रकाना आखण्याची कला अजून कोणत्याच दप्तराला साधलेली नाही.

२०२१ च्या डिसेंबरात आणखी एकदा टाळेबंदी आली, आणि १५ जानेवारी २०२२ रोजी दुकाने व केशकर्तनालये उघडली, पण नाट्यगृहे आणि उपाहारगृहे मिटलेलीच राहिली. तेव्हा कलावंतांनी एक खेळी केली. १९ जानेवारीला देशभरच्या नाट्यगृहांनी आपल्या मंचावर केशकर्तनालये मांडली: कॉन्सर्टगेबाउच्या सभागृहात न्हाव्यांनी केस कापले आणि मागे वाद्यवृंदाची तालीम चालली, व्हॅन गॉग संग्रहालयात लोकांनी चित्रांच्या सहवासात दाढी कोरून घेतली. सरकारचे निरीक्षक आले, समज देऊन गेले. पुढच्याच आठवड्यात, २६ जानेवारी रोजी, उपाहारगृहे आणि नाट्यगृहे एकाच दिवशी उघडण्यात आली, आणि दोहोंनाही रात्री दहाची मुदत घालून देण्यात आली. म्हणजे ज्या नटाचा प्रयोगही संध्याकाळचा आणि पाळीही संध्याकाळची, त्याला पहिल्याच दिवशी पुन्हा दोहोंतून एक निवडणे भाग पडले.